उंदराच्या मेंदूत तार, कामगाराच्या मनगटावर घड्याळ

जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. आमच्यासाठी नागपूर म्हणजे दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी जिथे 'आम्ही कुणाच्या मालकीचे नाही' असं ठरवलं, ते शहर. त्याच शहरात डीआरडीओच्या हैदराबादमधल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेच्या संचालकांनी सांगितलं की आम्ही 'सायबॉर्ग उंदीर' तयार करतो आहोत. उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवायचे, अंगावर कॅमेरा लावायचा, दुरून इशारे देऊन त्याला हवं तिकडे वळवायचं आणि २६/११ सारखा हल्ला झाला तर त्याला इमारतीत सोडून आतलं चित्रण मिळवायचं. काम पहिल्या टप्प्यात आहे, असंही सांगण्यात आलं.

पेपरांनी ही बातमी गंमत म्हणून छापली. 'आता उंदीर होणार सैनिक' अशा थाटात. दोन दिवस फॉरवर्ड फिरले आणि विषय संपला. (ज्या २६/११ चा दाखला दिला गेला, त्या रात्री कसाबला धरणाऱ्या तुकाराम ओंबळेंच्या हातात फक्त लाठी होती. तंत्रज्ञान कुणाच्या हातापर्यंत पोहोचतं आणि कुठे थांबतं, याचा हाही एक हिशेब आहे.)

आम्हाला मात्र हा विषय संपवता येत नाही. कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी या पट्ट्यात आम्ही काम करतो. एका बाजूला पवना, मधून रेल्वे आणि मुंबई-पुणे हायवे, नाशिक फाट्यावरून पलीकडे भोसरी एमआयडीसी आणि पुढे चाकण. इथली आयटीआय झालेली पोरं मोबाईलवर झुरळाच्या पाठीवर बसवलेल्या चिपचे व्हिडिओ बघतात आणि विचारतात, "सर, हे खरं आहे का?" खरं आहे. म्हणून ते नीट समजून घेऊ, आणि मग आपलं म्हणणं मांडू.

उंदराचं तंत्र नवीन नाही. २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठातले संजीव तलवार, जॉन चेपिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं होतं. उंदराला डाव्या मिशीला काहीतरी लागल्याचं जिथे जाणवतं, मेंदूच्या त्या भागात एक तार. उजव्या मिशीसाठी दुसरी. तिसरी तार मेंदूतल्या सुखाच्या वाटेवर. लॅपटॉपवरून डावीकडचं बटण दाबलं की उंदराला वाटतं डाव्या मिशीला स्पर्श झाला. तो डावीकडे वळला की तिसऱ्या तारेतून सुखाचा झटका. थोड्याच दिवसांत तो पायऱ्या चढतो, पाईपमधून जातो, उंदीर एरवी ज्याला घाबरतो त्या लख्ख उघड्या जागेतही जातो.

या तिसऱ्या तारेची गोष्ट त्याहून जुनी. १९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिलनर यांनी दाखवून दिलं की मेंदूतल्या विशिष्ट ठिकाणी विजेचा हलका झटका मिळत असेल तर उंदीर तो मिळवण्यासाठी कळ दाबतच राहतो. नंतरच्या काही प्रयोगांत तर उंदरांनी समोरचं अन्न सोडून कळ दाबली.

उंदरानंतर किड्यांकडे मोर्चा वळला. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठात मादागास्करच्या मोठ्या झुरळांवर सर्किट बसवली जातात. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये भूकंप झाला, तेव्हा सिंगापूरच्या बचाव पथकासोबत अशी १० झुरळं ढिगाऱ्यात शोध घ्यायला पाठवली गेली. जर्मनीतल्या एका कंपनीने तर झुरळांच्या झुंडी सैन्याच्या टेहळणीसाठी तयार करण्याचा धंदाच मांडला आहे. २०२० मध्ये अमेरिकेत बेडकाच्या भ्रूणपेशींपासून मिलिमीटरहून लहान 'झेनोबॉट' घडवले गेले. त्यांचा आकार कसा असावा हे संगणकाने ठरवलं होतं. ते यंत्र आहेत की प्राणी, यावर अजून वाद चालू आहे. मिठाच्या कणापेक्षा लहान आणि तरी स्वतःचा संगणक पोटात असलेले रोबोही आता अमेरिकेतल्या विद्यापीठांत बनले आहेत. आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाताच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांत शिरून जंतू मारणारे, चुंबकाने चालवले जाणारे नॅनोरोबो तयार झाले. हे शेवटचं काम चांगलं आहे, त्याला चांगलंच म्हटलं पाहिजे.

आता या सगळ्यावर आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया ऐकू येतात.

पहिली, 'भारत विश्वगुरू झाला'. तिच्यावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

दुसरी प्रतिक्रिया जास्त फसवी आहे. 'अरेरे, मुक्या प्राण्यावर केवढा अत्याचार! अहिंसेच्या देशात हे शोभतं का?' हे म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण सोसायटीचं चेंबर तुंबलं की फोन कुणाला लावतात, हे आम्हाला माहीत आहे. मुंग्यांना साखर घालायची आणि चेंबरमध्ये उतरणाऱ्याला वरून पाणी ओतून द्यायचं, ही अहिंसा आम्ही पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. मुंबई महापालिकेकडे रात्री उंदीर मारणाऱ्या कामगारांची फौज आहे. हातात काठी आणि बॅटरी, रात्रीत ३० उंदीर मारायचे, सकाळी मोजून द्यायचे. त्यांच्यावर 'द रॅट रेस' नावाचा माहितीपटही आला. उंदीर मेल्याचं दुःख करणाऱ्या किती जणांना या ३० च्या कोट्याबद्दल काही वाटलं?

बौद्ध म्हणून पहिलं शील आम्हीही घेतो, आणि ते मनापासून घेतो. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये अहिंसेचा अर्थ उलगडताना नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. गरज म्हणून मारणं आणि मारण्याची हौस असणं यांत तथागतांनी भेद केला, असं ते सांगतात. म्हणजे अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा सोवळ्याचा नियम नव्हे. तिथे विचार करावा लागतो. गरज कुणाची, हौस कुणाची, किंमत कोण मोजतो, हे विचारावं लागतं. कंबोडियात मगावा नावाच्या उंदराने शंभरहून अधिक सुरुंग आणि स्फोटकं शोधून दिली. त्याच्या मेंदूत एकही तार नव्हती. त्याला वास ओळखायला शिकवलं होतं, काम केलं की खाऊ मिळायचा, आणि अंग हलकं असल्यामुळे त्याच्या वजनाने सुरुंग फुटत नसे. २०२० मध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं आणि पुढे तो निवृत्तही झाला. मग मेंदू फोडून तार घालण्याची गरज खरोखर किती आहे, हा प्रश्न डीआरडीओला विचारता येतो. तो प्राणीप्रेमाचा भाबडा प्रश्न नाही.

यंत्राला विरोध ही आमची परंपरा नाही, हेही स्पष्ट सांगतो. गांधीजींनी यंत्राला दोष दिला, तेव्हा १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. जनावरासारखं राबण्यातून माणसाची सुटका झाली तरच त्याला फुरसत मिळेल, आणि फुरसत असेल तरच विचार आणि संस्कृती. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांकडे नेणाऱ्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांच्या पूर्वजांनी मेलेली ढोरं ओढली त्यांनी 'जुनं ते सोनं' म्हणायचं कशासाठी?

म्हणून आमचा प्रश्न वेगळा आहे. माणसाला जाता येत नाही अशा धोक्याच्या, अरुंद, अंधाऱ्या बिळात शिरायला उंदीर हवा, असं शास्त्रज्ञ म्हणतात. बरोबर. पण या देशात अशा बिळात शिरायला शतकानुशतकं एक जीव ठरलेलाच आहे. त्याच्या मेंदूत तार घालावी लागली नाही, कारण त्याचा जन्म कुठल्या घरात झाला एवढं पुरेसं होतं.

मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळ सेप्टिक टँक साफ करताना चार जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाघोलीत सोसायटीच्या टाकीत तिघे गेले. दोन्ही ठिकाणं आमच्या पुणे जिल्ह्यातली. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करून घेणं हा त्यात गुन्हा आहे. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये द्यायला सांगितलं. २० ऑक्टोबर २०२३ ला ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली, उतरणं थांबलं नाही. संसदेत सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: मैला वाहून नेताना कुणी मेलेलं नाही, जे मेले ते 'धोकादायक सफाई' करताना. मरणाचं खातं बदललं की आकडा शून्य होतो.

आता कायद्याच्या नजरेत तो उंदीर कुठे आहे ते पाहा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे. प्रयोग करणाऱ्या संस्थेत नैतिकता समिती लागते. प्रयोगाआधी परवानगी लागते, शस्त्रक्रियेला भूल द्यावी लागते, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये असंही कायदा सांगतो. हे सगळं असलंच पाहिजे, आम्हाला त्याचं दुःख नाही. पण वाघोलीच्या टाकीचं झाकण उघडण्याआधी कुठली समिती बसली होती? कुणी परवानगी दिली? आत वायू आहे का हे कुणी तपासलं? ठेकेदाराने फोन केला, माणसं आली, उतरली.

कुणी म्हणेल, म्हणूनच तर झुरळ-उंदीर हवेत, आपत्तीत माणसाचा जीव वाचेल. इथे आम्ही आमच्या शेजारचंच उदाहरण देतो. १ डिसेंबर २०१९ ला दापोडीत ड्रेनेजसाठी खोदलेल्या खोल खड्ड्यात एक मजूर अडकला. त्याला काढायला गेलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांवर माती कोसळली. एक जवान गेला, तो मजूरही गेला. तिथे मजूर कुठे आहे हे शोधायला कॅमेऱ्याचं झुरळ लागत नव्हतं, तो सगळ्यांना दिसत होता. खोल खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आधाराला फळ्या-पत्रे लावण्याची पद्धत बांधकामाइतकीच जुनी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या कासारवाडीत महापालिकेच्या जलतरण तलावावर क्लोरीन गळला आणि लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. क्लोरीन ओळखणारा सेन्सर बाजारात मिळतो, त्यासाठी कुठल्या प्राण्याचा मेंदू उघडावा लागत नाही. ज्या व्यवस्थेला फळी आणि सेन्सर लावता आला नाही, तिच्या हाती सायबॉर्ग आला तर ती तो आमच्या बचावासाठी वापरेल की आमच्या मोर्चात सोडेल? एल्गार परिषदेनंतर कुणाकुणाच्या लॅपटॉपमध्ये काय काय सापडलं आणि ते तिथे कसं आलं याचे वाद आपण सर्वांनी वाचले आहेत. भिंतीवरच्या झुरळाकडे संशयाने बघायची वेळ आली तर ती आधी कुणावर येईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण या सगळ्यात आम्हाला सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट तिसरी तार आहे.

रोबो-उंदराच्या समर्थकांचं म्हणणं असतं की त्याला यातना होत नाहीत, उलट त्याला आनंद मिळतो. हे खरंही असेल. त्याला वाटतं आपण आपल्या मनाने वळलो. दोरी दिसत नाही, चाबूक दिसत नाही, साखळी नाही. समाजशास्त्राच्या वर्गात सत्ता, संमती, अंगवळणी पडलेली अधीनता यांवर पानंच्या पानं वाचली जातात. इथे ती एका सर्किटमध्ये बसली आहे. आणि बाबासाहेबांनी जातीबद्दल जे सांगितलं ते याहून वेगळं कुठे आहे? ही नुसती विषमता नाही, श्रेणीबद्ध विषमता आहे. प्रत्येक पायरीवरच्याला वरच्याची लाथ बसते, पण खाली कुणीतरी आहे याचं सुख मिळत राहतं. ते सुख हीच ती तिसरी तार. तिच्यामुळे वळवला गेलेला माणूस म्हणतो, मी माझ्या धर्माने, माझ्या रिवाजाने, माझ्या खुशीने वळलो. आपल्यातही पोटजातीच्या नावाने जो ऐट मिरवतो, त्याने स्वतःच्या डोक्याला एकदा हात लावून बघावा.

हे फक्त रूपक म्हणून आम्ही लिहीत नाही. माणूस आणि यंत्र यांचा संकर प्रयोगशाळेबाहेर कधीच झाला आहे. विज्ञान काँग्रेस भरण्याच्या काही वर्षं आधीच नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली होती. पंचकुला, चंदीगड इथेही तेच झालं. कामगार नेमून दिलेल्या हद्दीबाहेर गेला की वर कार्यालयातल्या पडद्यावर कळतं, पगार कापला जाऊ शकतो. पंचकुलाच्या घड्याळात माईक आणि कॅमेराही होता, आणि शौचालयात जाताना भीती वाटते असं तिथल्या महिला कामगारांनी सांगितलं होतं. उंदराच्या अंगावर कॅमेरा आणि बाईच्या मनगटावर कॅमेरा. उंदराला निदान सुखाची तार होती. इथे फक्त कपात.

ही घड्याळं आयुक्तांच्या मनगटावर का नाहीत? अभियंता साइटवर किती वाजता आला, ठेकेदाराने मास्क दिला की नाही, हे टिपणारं घड्याळ का निघालं नाही? कारण कुणावर नजर ठेवायची हे यंत्र ठरवत नाही.

चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० पासून माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे रोबो हात आले, शंभराच्या वर गेले. त्यांच्याभोवती पिंजरा लागत नाही, माणसाचा धक्का लागला की ते थांबतात. उत्तम तंत्रज्ञान आहे. त्याच पट्ट्यात, त्याच वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर अजून बोटं जातात. हात आत असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून सेन्सर असतो. माल कमी निघतो म्हणून तो बंद ठेवला जातो किंवा बसवलाच जात नाही. वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल दरवर्षी निघतात. धक्का लागताच थांबणारा रोबो मोठ्या कंपनीला परवडतो. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या शेडमधल्या, ठेकेदारीवरच्या पोराच्या वाट्याला बोटं न ओळखणारं मशीन येतं. ते पोर कुठल्या वस्तीतून आलेलं असतं हे आम्हाला विचारू नका, आमच्यासोबत ईएसआयच्या रांगेत उभे राहा.

मग करायचं काय? छोटे रोबो हवेत, आणि सगळ्यात आधी आमच्या गल्ल्यांसाठी हवेत. सक्शन गाडी आणि जेटिंग मशीन हमरस्त्याला चालतं. वस्तीतल्या चार फुटी बोळात ते शिरत नाही, म्हणून तिथे माणूस शिरतो. केरळच्या तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये 'बँडिकूट' हा गटार साफ करणारा रोबो तिरुअनंतपुरममध्ये उतरवून दाखवला. बँडिकूट म्हणजे घूसच. कुठल्याही जिवंत घुशीला न छळता त्यांनी यंत्राची घूस बनवली. देशाच्या संरक्षणासाठी उंदराच्या मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या शास्त्रज्ञांना चार फुटी बोळात चालणारी घूस बनवणं अवघड नसावं. त्यांना ते काम कुणी दिलेलं नाही, एवढंच. आणि काम कुणाला काय द्यायचं हे ठरवणाऱ्या टेबलावर आमची माणसं किती? नामांकित संशोधन संस्थांत प्राध्यापकांच्या राखीव जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या, आणि मग म्हणायचं की विज्ञानाला जात नसते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. खाण कामगारांबद्दल निर्णय घ्यायचे तर खाण आतून पाहिली पाहिजे, एवढी साधी गोष्ट. आज चेंबरच्या निविदेवर सही करणाऱ्यांपैकी किती जणांनी झाकणाखाली वाकून पाहिलं आहे?

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या ड्रेनेज विभागासाठी आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला आहे. रोबो आणि सक्शन यंत्रं किती, ती कोणत्या प्रभागात किती दिवस चालली, आणि कोणत्या वस्त्यांत ती जात नाहीत म्हणून माणूस पाठवला जातो, हे त्यात विचारलं आहे. वायू तपासणी करून दिलेली परवानगी कागदावर असते का, असेल तर मागच्या वर्षभराच्या प्रती. कामगारांच्या अंगावर जीपीएस किंवा इतर कोणतं उपकरण लावलं असेल तर त्याची माहिती कुठे साठते, कोण बघतं, आणि त्यावरून किती जणांचा पगार कापला गेला, हेही. अर्जाचा मसुदा आमच्याकडे आहे. ठाणे, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर, कुठल्याही महापालिकेतल्या कार्यकर्त्यांनी तो घ्यावा, प्रभागांची नावं बदलावीत आणि दाखल करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.